दौंडला किती?

उन्हाळा वाढू लागला की सोलापूरकराच्या मोबाइलवर शुभ सकाळच्या फुलांपाठोपाठ एक आकडा येतो. उजनी धरणाचा. बाहेरगावच्या पाहुण्याला तो कळत नाही, कारण तो शून्याच्या खाली असतो. धरणात साधारण 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त, जवळजवळ 64 टीएमसी, मृत साठ्यात मोजतात. वरचा उपयुक्त साठा संपला की उणे सुरू. 2024 च्या उन्हाळ्यात हे उणे 60 टक्क्यांच्या जवळ जाऊन टेकलं होतं. पावसाळा लागला की प्रश्न बदलतो, ‘दौंडला किती?’ भीमेतून दौंडजवळ किती क्युसेक पाणी येतंय यावर इथली पोरंसुद्धा बोलतात. पाऊस पडतो पुण्याच्या डोंगरात, जल्लोष होतो इथे फेसबुकवर.

हा आकडा सरकारी खातं रोज देतं, सकाळच्या पेपरात छापूनही येतो. तरी माणूस तो स्वतःच्या पानावर टाकतो आणि खाली पन्नास जण जमतात. आकडा सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. जमायला काहीतरी निमित्त लागतं, तेवढंच.

समाजमाध्यमांच्या नादाबद्दल आपण बरंच ऐकतो. लाइकचं बटण फेसबुकवर 2009 साली आलं. खाली सरकवत राहिलं तरी न संपणारं पान त्याच्याही आधीचं. हे सगळं आपल्याला धरून ठेवायला केलंय, यात वाद नाही. पण त्यानं मोबाइल हातातून का सुटत नाही, एवढंच कळतं. तो मुळात हातात का घेतला जातो, याचं उत्तर आमच्या गल्लीत आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड. वेळेचा भरवसा नाही. मग रात्री अकराला ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘पाणी आलं का बे?’ लगेच उत्तर, ‘येऊलालंय, पण प्रेशर नाही.’ ही बातमी जगातलं कुठलंच वर्तमानपत्र देणार नाही. आणि उत्तर देणारा ओळखीचा असतो. त्याची मोटर कुठली, टाकी केवढी, हेही ठाऊक असतं.

पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांचे हात मोकळे नसतात. मांडीवर सूप, समोर टेकवून ठेवलेला मोबाइल. टाइप कोण करत बसणार? तेलुगूतून बोलून पाठवायचं, मोकळं व्हायचं. एकाच पोस्टखाली मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी सुखानं नांदतात. या शहराच्या भाषेचा अभ्यास करायचा तर ग्रंथालयाआधी तिथे जावं, असं माझं मत आहे.

गिरण्यांचे भोंगे थांबले, पोरं हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेली, काही त्याहून लांब. जानेवारीत मात्र ती सगळी परत येतात, पडद्यावर. साधारण 13 तारखेला संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा असतो. नंदीध्वज हलले की कुठल्या कुठल्या देशांतून ‘हर्र बोला हर्र’ उमटायला लागतं. कोरोनात यात्रेवर निर्बंध होते, तेव्हा शहरातल्या शहरातही अनेकांना हेच पडद्यावरचं दर्शन होतं. गर्दीत चेंगरून घेण्याची सर त्याला नाही. पण काहीच न दिसण्यापेक्षा ते बरं.

भांडणंही इथेच. 15 जून 2023 ला विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. काही सेकंदांत ती कोसळली, वाद मात्र आठवडाभर चालला. एकाच व्हिडिओखाली कुणी पेढे वाटत होतं, कुणी ऊस उत्पादकाच्या नावानं हळहळत होतं. चुलतभावांनी एकमेकांना ब्लॉक केलं. तरी मला त्यात वाईट दिसत नाही. विमान की ऊस, हा प्रश्न एरवी सामान्य माणसाला कुणी विचारला असता?

खोटं खपतं, हे मात्र वाईट आहे. धरणाची दारं उघडल्याचा जुना फोटो दर जुलैत नव्यानं फिरतो आणि नदीकाठच्या गावात धावपळ उडवतो. तो पाठवणारे बहुतेक माझ्या वयाचे, ‘तरुण पिढी मोबाइलनं बिघडली’ म्हणणारे.

खरी माहिती वेळेत मिळत नाही तिथे अफवा शिरते, म्हणून माझं मागणं महापालिकेकडे आहे. कुठल्या भागाला आज पाणी, किती वाजता, लांबलं तर का, हे तिनं रोज स्वतःच्या पानावर वेळेत टाकावं. लोक त्यानंतरही ग्रुपवर विचारतीलच, सवय आहे ती. पण मग अफवेला आत शिरायला जागा उरणार नाही, आणि पाण्यासाठी रात्रभर जागणाऱ्या बाईला निदान झोप तरी मिळेल.