धडा पडद्यावर, शंका वर्गात



यंदाच्या दिवाळी अंकातला मुख्य विभाग थोडी वर्गात आणि थोडी पडद्यावर भरणाऱ्या शाळेविषयी आहे.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली तेव्हा तंत्रज्ञान ही नड होती. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत आपले शिक्षक हाती लागेल ते घेऊन उभे राहिले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगले, पालघरच्या पाड्यांवर लाउडस्पीकरवरून ‘बोलकी शाळा’ भरली. पुढे मुले वर्गात परतली. आता त्यातले काय ठेवायचे आणि कशासाठी, हे शांतपणे ठरवायला हवे.

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. पहिली ते चौथी, इयत्ता चार आणि शिक्षक दोन. गुरुजी चौथीला शिकवतात तेव्हा तिसरी फळ्यावरचे उतरवून घेत बसते. त्या मुलांनी तेवढ्या वेळात टॅबवर कविता ऐकली, चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली, तर गुरुजी चौथीजवळ निवांत बसू शकतात. पडद्याची खरी कमाई ही, की त्याने शिक्षकाचा वेळ मोकळा होतो.

तो वेळ का मोलाचा? अपूर्णांक शिकणारे मूल ठामपणे सांगते, “एक छेद दोनपेक्षा एक छेद तीन मोठा, कारण तीन दोनापेक्षा मोठे.” चित्रफीत हे ऐकत नाही, पुढे सरकते. बाई मात्र थांबतात. दोन सारखे कागद घेतात, एकाचे दोन आणि दुसऱ्याचे तीन समान भाग करायला लावतात आणि कोणता तुकडा मोठा ते मुलालाच सांगू देतात.

चांगले तंत्र वर्गाच्या गरजेतूनच उगवते. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले.

निव्वळ यंत्र हाती देऊन भागत नाही. ‘असर २०२४’ या शिक्षणविषयक पाहणी अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्के मुलांनी. शिवाय घरात फोन एकच असेल, तर तो सकाळीच वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून पडद्याचा अभ्यास शाळेतच, शाळेच्या साधनांवर झाला पाहिजे. गृहपाठ म्हणून तो घरी धाडला, की ज्या मुलाला त्याची सर्वाधिक गरज, तेच मागे पडते.

टॅबवाटपाचा समारंभ होतो, छायाचित्र छापून येते. पण वीजबिल कोण भरणार, बिघडलेला टॅब कोण दुरुस्त करणार? फुटला तर भरपाई मागतील या धास्तीने तो कपाटात पडून राहतो. दुसरीकडे, शिक्षकाचा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: खरेदीइतकीच तरतूद देखभालीसाठी करा, आणि शिक्षकांवरची ही कारकुनी आधी कमी करा.

दिवाळीला गावी जाल तेव्हा गुरुजींना आणि बाईंना जरूर भेटा. शाळेला काय देऊ, हे ठरवण्याआधी त्यांचे कुठे अडते ते विचारा.



– संपादक