आरास उतरवणार कोण?

गौरी-गणपतींचे विसर्जन झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्याही घरात जाऊन पाहावे. ज्या कोपऱ्यात पाच-सात दिवस समई तेवत होती, तेथे मखर तसेच उभे असते. आत देव नसतो. विजेची माळ बंद करावयाचे रात्री कोणाच्या तरी ध्यानातून गेलेले असते आणि रिकाम्या चौरंगावर ती उगीच लुकलुकत राहते. कर्ती माणसे कामावर गेलेली असतात, मुले शाळेत. ज्या मुलांनी या मखरासाठी तीन रात्री जागविल्या, येईल त्या पाहुण्याला हाताला धरून आत आणून ते दाखविले, त्यांना आता त्याच्याकडे ढुंकूनही पाहावेसे वाटत नाही. घरातील बाई येता-जाता त्याला वळसा घालते. चार दिवस जातात, आठ दिवस जातात, पितृपक्ष लागतो. मग एके दिवशी दुपारी ती पदर खोचून एकटीच स्टुलावर चढते.

आरास उभारण्याविषयी आपल्याकडे वर्षानुवर्षे भरपूर लिहिले जाते. तिच्या स्पर्धा होतात, परीक्षक घरोघर हिंडतात, छायाचित्रे छापून येतात. आरास उतरवण्याविषयी मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. विषय क्षुल्लक म्हणून तो सोडून दिला जात असेल. पण घरातील श्रमांची वाटणी, गावातील कचरा आणि आमच्या जत तालुक्यासारख्या कोरड्या मुलखात जनावरांच्या पोटात काय जाते, या तिन्ही गोष्टी त्या स्टुलावर चढणाऱ्या बाईच्या भोवती येऊन ठेपतात.

आपल्या पूर्वजांनी हा विषय क्षुल्लक मानला नव्हता, हे प्रथम नमूद केले पाहिजे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला सकाळी उभारलेली गुढी सूर्यास्तापूर्वी उतरवायची असते आणि उतरवतानाही तिला हळदकुंकू लागते. उतरवल्यावर तिचे काय होते? वेळू परत वळचणीला जातो, रेशमी वस्त्र घडी करून पेटीत, तांब्या स्वयंपाकघरात, साखरेची गाठी मुलांच्या हातात. मागे उरते ती लिंबाची डहाळी, आणि तिची चिंता कोणालाच नसते. गणपतीला निरोप देण्यापूर्वी उत्तरपूजा करून मूर्ती जागेवरून किंचित हलवावी लागते. नवरात्राचे घट बसतात तसे ते उठतात, आणि त्यांतले कोवळे धन दसऱ्याला पुरुष टोपीत खोवतात, बाया केसांत माळतात. लग्नाचा मांडव घालणे हा जसा विधी, तसाच मांडव परतणे हाही विधीच. जी भाषा फोडलेल्या नारळाला नारळ वाढविला म्हणते आणि सायंकाळी बंद केलेल्या दुकानाला दुकान वाढविले म्हणते, तिने शेवटाचा विचार किती हळुवारपणे केला आहे, हे निराळे सांगावयास नको.

आमच्या भागातील एक उदाहरण तर याहून बोलके आहे. जत हा सीमेवरचा तालुका. येथे मराठीइतकीच कानडी बोलली जाते आणि सणही दोन्हीकडचे पाळले जातात. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर येतो, महिन्याने आषाढी पौर्णिमेला महाराष्ट्रीय बेंदूर. बेंदराच्या दिवशी सायंकाळी वेशीत पाल्याचे तोरण आडवे बांधतात आणि सजविलेले बैल त्याखालून पळवतात. जो बैल ते तोडून पुढे जाईल, त्याचा मान. याला कर तोडणे म्हणतात. कोणत्या रंगाच्या बैलाने कर तोडली यावरून त्या साली कोणते पीक साधेल, याचे अंदाज वेशीतच बांधले जातात. हे अंदाज खरे ठरतात की नाही, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, हे तोरण तुटण्यासाठीच बांधलेले असते. ते दुसऱ्या दिवशीही वेशीत शाबूत राहिले, तर गावाला चुकल्यासारखे होईल.

जुनी आरास वेळेवर उतरत असे, याचे सारे श्रेय धर्मशास्त्राला देण्याचे कारण नाही. अर्धे काम पानाफुलांचेच होते. आंब्याची पाने तिसऱ्या दिवशी कडेने वळू लागत, झेंडू काळवंडे, केळीचे खुंट झुकत. घरात कोणी आळशी असला तरी आरास स्वतःच सांगे की आता पुरे. आकाशकंदील कामट्यांचा, पतंगाच्या कागदाचा, घरी शिजविलेल्या खळीने चिकटविलेला. एखादा वारा जोराचा आला की त्याची एक बाजू फाटे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्याचा सांगाडा उरे. मुलांनी अंगणात केलेला मातीचा किल्ला अळीव उगवून हिरवा होई आणि पुढे पायाखाली येऊन अंगणाचाच होऊन जाई. पाडव्याला दारात मांडलेले शेणाचे पांडव वाळले की शेणी म्हणून चुलीत जात.

आजच्या आरासीचे साहित्य असे बोलत नाही. मध्यंतरी थर्माकोलची मखरे घरोघरी आली. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. तेव्हा त्याची जागा फोमच्या शीटांनी, प्लॅस्टिकच्या पानाफुलांनी आणि चकचकीत पडद्यांनी घेतली. कायद्याने एक पदार्थ गेला, सवय मात्र राहिली. ही पाने कोमेजत नाहीत, हाच त्यांचा गुण म्हणून दुकानदार सांगतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हाच त्यांचा मोठा दोष आहे. जे कोमेजत नाही, ते केव्हा काढावयाचे? दिवाळीत टांगलेला कंदील होळीला तसाच असतो, धुळीने करडा झालेला, पावसाळ्यात त्यात कोळी जाळे करतात आणि पुढच्या दिवाळीला तो झटकून पुन्हा पेटविला जातो. ज्या दारावर बाराही महिने सण आहे, त्या दाराला सण केव्हा आला हे कळणार तरी कसे?

याबाबतीत आपण एकटेच शहाणे होतो असे मात्र समजू नये. जपानात मुलींच्या सणासाठी मांडलेल्या बाहुल्या ३ मार्चनंतर लगोलग आवरून ठेवल्या नाहीत, तर घरच्या मुलीचे लग्न लांबते, अशी समजूत आहे. इंग्लंडात नाताळची सजावट बाराव्या रात्रीनंतर, म्हणजे जानेवारीचा पहिला आठवडा ओलांडून ठेवणे अशुभ मानतात. या समजुतींना शास्त्रीय आधार नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु आळसावर समजुतीचा इलाज सगळीकडेच करावा लागला, एवढे यावरून दिसते.

आता आमच्या तालुक्यापुरते. येथे पाऊस बेभरवशाचा. २०१२-१३च्या आणि पुन्हा २०१९च्या दुष्काळात जनावरे चारा-छावण्यांत नेऊन बांधावी लागली, हे तेथे रात्री काढलेली माणसे विसरलेली नाहीत. म्हैसाळ योजनेचे पाणी तालुक्याच्या काही भागात आले, त्याने द्राक्षे-डाळिंबे वाढली. पण पूर्वेकडचे कित्येक माळ अद्याप आभाळाकडेच पाहतात. अशा मुलखात जुन्या आरासीतले बहुतेक काही वाया जात नसे. केळीचे खुंट, तुळशीच्या मांडवाचे ऊस, तोरणातली कणसे, सारे गोठ्यात किंवा चिमण्यांच्या चोचीत जाई. आजही गल्लीच्या टोकाला गणपतीनंतरचा ढीग पडला की मोकाट गाय सवयीने तिकडे वळते. तिला प्लॅस्टिकचे पान आणि खरे पान यांतला भेद कळत नाही. नैवेद्याचा वास लागलेली पिशवी ती पिशवीसकट गिळते. अशा जनावरांचे पोट फाडून किलोगणती प्लॅस्टिक काढल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. ते प्लॅस्टिक कोणत्या घरातून आले, हा प्रश्न बातमीत नसतो.

शहाणपणा सांगताना घराबाहेरची स्थिती विसरून चालणार नाही. वाचकांपैकी जे कचेरीत आहेत, त्यांनी आपल्या माथ्यावरच्या कपाटाकडे एकदा नजर टाकावी. खंडेनवमीला कपाटांना, दप्तरांना आणि आता संगणकांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. पेढे वाटून झाले की माळा विसरल्या जातात. माघापर्यंत त्यांचा चुरा फायलींवर गळत राहतो आणि सरतेशेवटी शिपाई तो झाडतो. शाळांतही सव्वीस जानेवारीच्या पताका जूनपर्यंत दोरीला लोंबत असतात. राष्ट्रध्वज कसा उतरवावा, त्याची घडी कशी घालावी याचे नियम आहेत. तरीही २०२२च्या ऑगस्टात घरोघर लागलेले ध्वज कित्येक छपरांवर पुढे महिनोन्‌महिने विरत राहिलेले आपण सर्वांनी पाहिले. लावण्याचा उत्साह खोटा नव्हता. उतरवण्याचे काम कोणाचे, हे मात्र कोणी ठरविले नव्हते.

घरात ते न ठरविताच ठरलेले असते. चढविणारे हात आणि उतरविणारे हात वेगळे, अशी ही वाटणी आहे. चढविण्यात कला आहे, कौतुक आहे, हातोडी आणि वायर आहे. ते काम मुलगे आणि पुरुष हौसेने करतात. उतरविण्यात धूळ आहे, टाचण्या आहेत, भिंतीवर उरलेले चिकटपट्टीचे डाग आहेत आणि कोणी पाहावयास नाही. म्हणून ते बाईकडे जाते. प्रस्तुत लेखकाच्या घरी याहून काही निराळे घडत होते, असा दावा नाही. पुष्कळ वर्षे मखर करण्याचा मान त्याने घेतला आणि ते कोण मोडते, कोठे ठेवते याची चौकशी एकदाही केली नाही. एका वर्षी पत्नी आजारी होती. तेव्हा ते काम अंगावर आले आणि पुठ्ठा, कापड, तारा, फुले वेगवेगळी करता करता एक अख्खी दुपार गेली. मखर उभारण्यास तीन रात्री लागल्या होत्या खऱ्या; पण त्या तीन रात्रींत चहा चार वेळा आला होता.

शिक्षक वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. शाळांतून आरास-स्पर्धा घेतल्या जातात. परीक्षकांनी एक फेरी विसर्जनानंतर आठव्या दिवशी काढावी. मखर कोठे आहे, कोणी सोडविले, त्यातले काय पुढच्या वर्षासाठी ठेवले आणि काय कोठे टाकले, हे विद्यार्थ्याला विचारावे आणि निम्मे गुण त्याला ठेवावेत. ज्याने चढविली त्याने उतरवावी, हा नियम मुलगा दहा वर्षांचा असताना लागला तर लागतो. चाळिसाव्या वर्षी तो लावून घेणे कठीण जाते, हे अनुभवाने सांगतो.

खऱ्या पानाफुलांकडे परत जावे, असेही येथवर सुचविले गेले आहे. त्याला एक हरकत आहे आणि ती नजरेआड करता येत नाही. दसऱ्याच्या बाजारात झेंडूचा भाव कोसळला की शेतकरी फुले रस्त्याकडेला ओतून जातो आणि त्याच बाजारात प्लॅस्टिकचा झेंडू खपत असतो, हे पाहून चीड येते. कचेरीतल्या, शाळेतल्या पगारदार माणसाने तरी खरी फुले घ्यावीत, असे म्हणण्याचा अधिकार या लेखकाला आहे. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घराला तो हे कोणत्या तोंडाने सांगणार?

जत तालुक्यातील पुष्कळ वाड्या-वस्त्यांवरची आणि तांड्यांवरची माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. हंगाम लवकर सुरू झाला, तर दिवाळी फडावरच होते. जाताना घरातील बाई दाराला तोरण बांधते आणि कुलूप लावते. पूर्वी ते आंब्याच्या पानांचे असे. आमच्याकडे आंबा विरळ, त्यामुळे पानेही बाजारातून आणावी लागत. बंद दारावर ती दोन आठवड्यांत वाळत आणि पुढचे चार-पाच महिने त्या ओळीतल्या प्रत्येक दारावर तपकिरी पाने वाऱ्याने वाजत राहत. आता यांतल्या कित्येक दारांवर प्लॅस्टिकचे तोरण असते. ते उतरवण्यास घरी कोणी नाही, म्हणून ते तसे राहते; आणि घरी म्हातारे आई-वडील असले तरी त्यांचा हात तेथवर पोचत नाही.

अशाच एका घरची बाई गेल्या पाडव्याच्या आधी परतली, तेव्हा हा लेखक योगायोगाने त्या वस्तीवर होता. तोरणाविषयी त्याने काही विचारले नाही, तिनेच त्याची नजर पाहून सांगितले, “खऱ्या पानांचं असतं तर माघारी येऊस्तोवर दार भकास दिसलं असतं, गुरुजी. हे बघितलं की घर जित्तं वाटतं.” मग तिने कुलूप काढण्याआधी हात वर करून ते तोरण सोडविले, उंबऱ्यावर बसून टँकरच्या पाण्यातल्या एका तांब्याने पान न् पान पुसून काढले, उन्हात वाळत टाकले, आणि उरलेले पाणी दाराच्या लिंबाच्या बुंध्याशी ओतले.