विकले गेले? कुणाला?

'बँड विकला गेला यार!' हे मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मोठ्या तावातावाने म्हणालो होतो. गाणी अर्थातच फुकट डाउनलोड केलेली.

बँड होता 'द प्रॉमिस रिंग'. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातला. पंकचा वेग आणि स्वतःची दुखणी उघड्यावर मांडणारे शब्द, म्हणजेच इमो. त्यांचा १९९७ चा 'नथिंग फील्स गुड' आम्हा मोजक्या लोकांचा जीव की प्राण. मग १९९९ चा 'व्हेरी इमर्जन्सी' ऐकला. आवाज स्वच्छ, चाली सरळ, कोरस आंघोळ करताना गुणगुणता येतील असे. झालं, आम्ही गद्दारीचा शिक्का मारून मोकळे.

आता जरा हिशोब बघा. दोन्ही अल्बमचा प्रोड्यूसर एकच, जे. रॉबिन्स. लेबलही तेच, डेलावेअरमधलं छोटंसं जेड ट्री. मग हा विक्रीचा व्यवहार झाला कुठे? आणि गोड चालींचं म्हणाल तर त्या 'नथिंग फील्स गुड'मध्येही आहेतच, फक्त गिटारच्या गोंगाटाखाली. 'व्हेरी इमर्जन्सी'तली काही गाणी पातळ आहेत, मान्य. पण पातळ गाणं आणि बेइमान गाणं यात फरक आहे की नाही?

पुढच्याच वर्षी गायक डेव्ही फॉन बोहलेनच्या मेंदूतली गाठ ऑपरेशन करून काढावी लागली. २००२ मध्ये 'वुड/वॉटर' आला, संथ, शांत, पॉपच्या उड्या नसलेला. तोही मला चालला नाही! म्हणजे माझं भांडण पॉपशी नव्हतंच. मला तो माणूस कायम विशीतलाच आणि कायम दुःखी हवा होता, माझ्या सोयीसाठी. त्याच वर्षी बँड फुटला.

मी पगारासाठी कंपनी बदलली तेव्हा आईने पेढे वाटले. मला कुणी गद्दार म्हटलं नाही.

त्या हॉस्टेलच्या खोलीत एक मित्र गिटार वाजवायचा. थर्ड इयरला त्याने एक आनंदी गाणं केलं, अगदी साधं, टाळ्या वाजवण्यासारखं. आम्ही त्याला आठवडाभर 'बॉलिवूड' म्हणून हाक मारली. ते गाणं त्याने परत कधी वाजवलं नाही. मागच्या महिन्यात मी मेसेज करून त्याला चाल मागितली. म्हणाला, 'कुठली रे?'