कामाचं टेबल कुलपात नको, मुलांच्या हाती हवं



कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात असतो. पण त्यासाठी लागणारं टेबल बऱ्याच शाळांत सामानाच्या खोलीत रद्दीखाली दबलेलं असतं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : "मुलं खराब करतील." मला हे पटत नाही. कुलपात ठेवल्याने वस्तू जपली जातेच असं नाही.

कर्नाळ्याच्या पट्ट्यात तर हे जास्तच खरं आहे. जून ते सप्टेंबर हवेत ओल भरलेली असते. बंद खोलीत लाकूड फुगतं, प्लायवुडचे पदर सुटतात, व्हाइस गंजतो, भिंतीला टेकलेल्या लाकडात वाळवी शिरते. मुलांच्या हातून पडणारे चार ओरखडे त्यापुढे काहीच नाहीत.

प्राथमिक शाळेत वेगळी कार्यशाळा बहुधा नसते. म्हणून घडी घालून व्हरांड्यात नेता येईल असंच टेबल हवं. रॉन हिकमन या गाडी-डिझायनरने खुर्चीवर लाकूड ठेवून कापताना खुर्चीच कापली. त्यातून त्याला 'वर्कमेट' हे घडीचं टेबल सुचलं. ब्लॅक अँड डेकरने आधी ते नाकारलं आणि पुढे स्वतःच बाजारात आणलं.

जपणूक फार खर्चिक नाही. टेबलावर हार्डबोर्डचा पातळ तुकडा स्क्रूने बसवा; करवतीचे घाव तो सोसतो आणि खराब झाला की बदलता येतो. पायांखाली रबराचे तुकडे लावा. व्हाइसला पावसाळ्याआधी मशीनचं तेल द्या. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत ओल कोंडते. जुनी सुती चादर पुरे. लाकडाला जवसाचं तेल लावलंत तर त्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

हलवतानाही शिस्त हवी. आधी हत्यारं उतरवा, व्हाइस काढा. टेबल कधीच ओढू नका. ओढल्याने पायांचे सांधे ढिले होतात. वरच्या फळीला न धरता खालच्या चौकटीला धरून, एकाच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी मिळून उचला. वाट आधी मोकळी करा. जड टेबल मोठ्यांनीच उचलावं. छोट्यांनी खिळ्यांचा डबा आणि फळ्या न्याव्यात. जागेवर ठेवल्यावर डगमगतंय का, हे मुलांनाच तपासू द्या.

यात शिक्षण कुठे आहे, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, सगळं यातच आहे. मापन, तरफ, घर्षण, गंजणं आणि चौघांनी मिळून एक काम करणं. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू करून 'करत शिकणं' प्रत्यक्ष उभं केलं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला सांगतं.

पालकांची भीती मी समजू शकते. पण धारदार हत्यारापेक्षा डगमगणारं टेबल जास्त धोक्याचं असतं. ते पक्कं असेल, शिक्षक शेजारी उभे असतील, तर मुलं आपल्याला वाटतं त्याहून जपून काम करतात.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत एवढंच विचारा : आपल्या शाळेतलं टेबल शेवटचं कधी बाहेर आलं होतं?