हुकमाचे ताबेदार, कंत्राटाचे मानकरी

ऑलिंपिक सामन्यांच्या गोष्टी निघाल्या की धावपटू, पदके आणि राष्ट्रगीते यांवरच गप्पा रंगतात. फाटकावर उभे राहून प्रेक्षकांच्या पिशव्या तपासणाऱ्या माणसाची आठवण कोणी काढीत नाही. त्यात वावगेही काही नाही, कारण त्याचे काम नीट झाले म्हणजे ते दिसतच नाही. लंडन येथे २०१२ साली मात्र हा फाटकावरचा माणूस खेळ सुरू होण्याआधीच वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला, आणि तोही जागेवर नसल्यामुळे.

प्रकरण असे घडले. लंडनच्या संयोजन समितीने डिसेंबर २०१० मध्ये जी-फोर-एस या बड्या खाजगी सुरक्षा कंपनीशी करार केला. सुमारे २,००० रखवालदार पुरवायचे आणि त्याचे ८.६ कोटी पौंड घ्यायचे, असा तो व्यवहार. वर्षभराने समितीच्या लक्षात आले की आपला अंदाज साफ चुकला आहे. मागणी १०,४०० वर गेली आणि रक्कम २८.४ कोटी पौंडांवर. पाचपट माणसे मागायला समितीने इतका उशीर केला, हा दोष कंपनीच्या माथी मारता येणार नाही. पण वाढीव काम अंगावर घेताना कंपनीने 'जमेल' म्हटले, आणि ते थेट जुलै २०१२ पर्यंत म्हणत राहिली. उद्घाटनाला जेमतेम पंधरवडा उरला तेव्हा माणसे पुरी पडणार नाहीत अशी कबुली आली. १२ जुलै रोजी गृहमंत्री थेरेसा मे यांनी पार्लमेंटात सांगितले की ३,५०० जादा सैनिक बोलावले आहेत. आधी ठरलेले १३,५०० धरून संख्या १७,००० झाली. २४ जुलैला आणखी १,२०० जणांना हुकूम सुटला. एकूण १८,२०० सैनिक! त्या वेळी अफगाणिस्तानात प्रत्यक्ष युद्धावर असलेले ब्रिटिश सैनिक होते साडेनऊ हजारांच्या आसपास.

या आकड्यांतले काही सैनिक सैन्याच्याच कामाला होते, हे सांगितले पाहिजे. पूर्व लंडनमधील उंच इमारतीच्या गच्चीवर विमानवेधी क्षेपणास्त्रे बसवणे किंवा थेम्स नदीत युद्धनौका उभी करणे हे रखवालदाराचे काम नव्हे. माझा आक्षेप त्याला नाही. माझा प्रश्न आहे तो पिशव्या तपासणाऱ्या जवानांविषयी.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आम्हाला वर्गात शिकवतात की माल कोठारात पडून राहिला तर पैसा अडकतो, म्हणून कच्चा माल लागेल त्या दिवशीच दारात यावा. मोटारीच्या कारखान्यात हा हिशेब नामी चालतो. लंडनमध्ये तोच हिशेब माणसांना लावला गेला. आधीपासून नेमले तर बसून पगार द्यावा लागेल, म्हणून नेमणुका शेवटच्या आठवड्यांवर ढकलल्या. पण माणूस म्हणजे काही खिळ्यांची पेटी नव्हे. त्याची मुलाखत व्हावी लागते, पूर्वचरित्र तपासावे लागते, परवाना काढावा लागतो, प्रशिक्षण द्यावे लागते, आणि शेवटी कोणत्या दिवशी कोणत्या फाटकावर उभे राहायचे हे त्याला कळवावे लागते. ही साखळी जागोजाग तुटली. अर्जांची वाण नव्हती, बेकारी तिथेही होती. अर्ज केलेले, निवडलेले, कित्येक तर शिकून तयार झालेले तरुण घरी बसून बोलावण्याची वाट पाहत राहिले, आणि त्यातल्या पुष्कळांनी कंटाळून दुसरी नोकरी धरली. तिथल्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना या कामासाठी तयार करण्याची एक योजनाही होती. आपल्या वयाची ती मुले. ज्यांना काम हवे होते त्यांना ते मिळाले नाही आणि ज्यांना रजा हवी होती त्यांच्या गळ्यात ते पडले, याला काय म्हणावे?

१७ जुलैला कंपनीचे प्रमुख निक बकल्स पार्लमेंटच्या समितीपुढे उभे राहिले. समितीचे अध्यक्ष होते कीथ वाझ, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले. (गोव्याकडच्या आमच्या वर्गमित्रांनी उगाच कॉलर ताठ करू नये, पुढे वाझसाहेबांवरही चौकशीला तोंड देण्याची पाळी आली.) सारा प्रकार लाजिरवाणा गोंधळ आहे हे बकल्स यांना तिथे नाकारता आले नाही. पण ५.७ कोटी पौंडांच्या व्यवस्थापन शुल्कावर आपला हक्क आहे, हे त्यांनी त्याच बैठकीत सांगितले! व्यवस्थापन झाले नाही ते नाही, त्याचे शुल्क मात्र हवे. सप्टेंबरात समितीच्या अहवालाने कंपनीला ते सोडून देण्याचा सल्ला दिला. कंपनीचे दोन संचालक गेले, बकल्स स्वतः २०१३ च्या मे महिन्यापर्यंत खुर्चीवर राहिले.

आता त्या सैनिकांची बाजू पाहा. ५ जुलै २०१२ रोजी, म्हणजे गृहमंत्र्यांच्या निवेदनाच्या बरोबर एक आठवडा आधी, ब्रिटिश सरकारने भूदलाची संख्या १,०२,००० वरून ८२,००० वर आणण्याचा आराखडा जाहीर केला होता. सतरा मोठी पथके बंद व्हायची होती. एका गुरुवारी सांगायचे की तुमची एवढी गरज नाही, आणि पुढच्या गुरुवारी सांगायचे की ताबडतोब या, तुमच्याविना चालत नाही! अफगाणिस्तानातून नुकतेच परतलेले जवान त्यात होते. टोबॅको डॉक नावाच्या जुन्या गोदामांच्या वास्तूत, जिथे एकेकाळी काढलेला बाजार बसला होता, तिथे अडीच हजार जणांच्या खाटा मांडल्या. एवढ्यावरही संपले नाही. पहिल्या दोन दिवसांत मान्यवरांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा त्या भरायलाही सैनिकांनाच बसवले. फाटकावर माणूस नाही, बोलवा सैनिक. खुर्चीत माणूस नाही, बसवा सैनिक.

हे सारे मी कॅन्टीनमध्ये तावातावाने सांगत होतो तेव्हा या अंकाच्या कन्नड विभागाचे काम पाहणाऱ्या माझ्या मित्राने मला मध्येच अडवले. तो म्हणाला, "अरे, पण सैनिकांचा खर्च कंपनीने द्यायचे कबूल केलेच ना? ज्यांची सहल बुडाली त्यांना भरपाईही मिळणार होती. खेळ निर्विघ्न पार पडले. मग तुझे रडगाणे कशाबद्दल?" मुद्दा रास्त आहे. कंपनीने खर्च सोसला, सैनिकांच्या कल्याणनिधीला पंचवीस लाख पौंड देऊ केले, आणि या एका कंत्राटात तिला सुमारे सात कोटी पौंडांची खोट आली. बुडालेली रजा पुढे मिळेल असे सैनिकांना सांगितले गेले. प्रेक्षकांचे म्हणाल तर, हसतमुख आणि चटपटीत सैनिक पाहून ते खूषच झाले.

पण 'रजा पुढे मिळेल' हे वाक्य बेळगावात राहणाऱ्या माणसाला सांगू नये. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे; खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या गावांत घरटी नसला तरी गल्लीगणिक एक फौजी सापडतो. अशा घरात भिंतीवरच्या पंचांगापेक्षा रजेचे पंचांग मोठे असते. लग्नाची तिथी रजेवर ठरते, घराचे छप्पर रजेत शाकारले जाते, वाटणीचा तंटा 'तो आला की बघू' म्हणून वर्षभर थांबतो, आणि बाप कसा दिसतो हे लहान पोर रजेतच शिकते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मी विचारले, रजा दोन महिने पुढे गेली तर काय होते? त्या म्हणाल्या, "काय व्हायचंय? भात कापायचं थांबत नाही, एवढंच." सीमेवर गरज पडली म्हणून रजा गेली तर हीच घरे ब्र काढीत नाहीत. कोणा कंपनीला आठ दिवसांचा पगार वाचवायचा होता म्हणून ती गेली, तर ते कोणत्या खात्यावर लिहायचे? हिशेबशास्त्राच्या माझ्या पुस्तकात तसे खाते नाही.

सैनिकच का? तो शूर आहे म्हणून नव्हे, पिशवी तपासायला शौर्य लागत नाही. तो शिस्तीचा आहे हे एक कारण. पण खरे कारण असे की तो नाही म्हणू शकत नाही. पोलीस जादा कामाचा भत्ता मागतील, कामगार संघटना वाटाघाटी करतील, रोजंदारीवरचा माणूस न सांगता घरी राहील. सैनिक हुकमाचा ताबेदार. म्हणून दुसऱ्या कुणाची हयगय अखेर त्याच्याच खांद्यावर येऊन टेकते. ब्रिटनचे संरक्षणमंत्री फिलिप हॅमंड यांनी त्या ऑगस्टमध्ये मोकळेपणाने मान्य केले की सरकारने खाजगी क्षेत्राचा धडा घ्यावा हे आपले पूर्वीचे मत या अनुभवाने ढळले. त्यांच्या सांगण्याचा भावार्थ असा, की कंपनी आधी खर्चाची मर्यादा आखते आणि तिच्यात काम बसवते. सैन्य आधी काम काय ते विचारते, मग लागतील त्याहून जास्त माणसे लावून ते पार पाडते. ही 'जास्त माणसे' एरवी उधळपट्टी म्हणून कापली जातात. त्यांच्याच खात्याने नुकतीच कापली होती.

लंडन ही एकटी नव्हे. रिओमध्ये २०१६ साली तपासणीचे काम घेतलेल्या कंपनीचे कंत्राट खेळांच्या आठवडाभर आधी मोडावे लागले आणि निवृत्त पोलिसांना बोलावून वेळ मारून नेली. दक्षिण कोरियात प्याँगचांग येथे २०१८ च्या हिवाळी खेळांपूर्वी पोटाच्या साथीमुळे सुमारे १,२०० खाजगी रखवालदारांना बाजूला ठेवावे लागले आणि ९०० सैनिक आले. ती आपत्ती होती, तिथे मी बोट दाखवणार नाही. पॅरिसने २०२४ साली दहा हजार सैनिक आधीच मोजून ठेवले आणि त्यांच्यासाठी छावणीही आधी उभारली. निदान तिथे आयत्या वेळची धावपळ नव्हती.

आणि आपण? दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांना बारा दिवस उरले असताना, २१ सप्टेंबर २०१० रोजी, नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. सैन्याच्या अभियंत्यांनी काही दिवसांत तिथे बेली पूल उभा करून दिला. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. पूल बांधायला पुन्हा सैन्यच आले आणि पुढच्या फेब्रुवारीत तो खुला झाला. दोन्ही वेळा आपण जवानांना मनापासून टाळ्या दिल्या. टाळ्या द्याव्यातच. पण त्या गजरात मूळचा पूल वेळेवर का झाला नाही, हे विचारणाऱ्याचा आवाज बुडून जातो, आणि ज्यांनी तो करायचा होता तेही टाळ्या वाजवणाऱ्यांत सामील होतात.

लांब कशाला जायचे? आपल्या वार्षिक क्रीडामहोत्सवात स्वयंसेवकांची यादी कधीच पुरी होत नाही. नावे तीस, हजर अकरा. मग आदल्या संध्याकाळी एन. सी. सी. च्या छात्रांना निरोप जातो, आणि ती मुले सकाळी सहापासून फाटकावर उभी राहतात, खुर्च्या मांडतात, पाण्याची पिंपे वाहतात. त्यांची प्रात्यक्षिके बुडतात ती बुडतात. गेल्या वर्षी त्यांच्यापैकी एकालाही शेवटच्या दिवशीचे जेवणाचे कूपन मिळाले नव्हते, कारण कूपने स्वयंसेवकांच्या यादीप्रमाणे छापली होती. यंदाची यादी जिमखाना समितीने दिवाळीपूर्वी पुरी करून सूचनाफलकावर लावावी, आणि छात्रांना बोलवायचेच असेल तर कोणाच्या जागी बोलावले ती नावेही शेजारी लिहावीत.