‘ओन्ली’ आणि आपला ‘च’

चेन्नईत ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, शोळिंगनल्लूरला आयटी कंपन्यांची गर्दी आहे. तिथल्या कँटीनमध्ये जरा कान देऊन ऐका. ‘आय केम टुडे ओन्ली’, ‘ही इज हिअर ओन्ली’. बोलणारा तमिळ असो की पुण्याहून आलेला मराठी, वाक्य तेच! कारण हा ‘ओन्ली’ कपड्यांनी इंग्रजी असला तरी आतून आपला ‘च’ आहे. आजच आलो, इथेच आहे.

तमिळमध्ये ‘च’चं काम ‘तान’ करतो. नानतान म्हणजे मीच, इंगेतान म्हणजे इथेच. हिंदीत ‘ही’ आहे. ‘फक्त’साठी मात्र तमिळमध्ये ‘मट्टुम’ हा वेगळा शब्द आहे, जसा आपल्याकडेही वेगळा आहे. इंग्रजी ‘ओन्ली’चा मूळ स्वभाव या ‘फक्त’चा. तो मर्यादा घालतो, नुसता जोर देत नाही.

कँटीनमध्ये यानं काही बिघडत नाही, सगळ्यांना अर्थ कळतो. मेलमध्ये बिघडू शकतं. तुम्ही लंडनच्या क्लायंटला लिहिता, ‘आय सेंट द फाइल यस्टरडे ओन्ली.’ तुम्हाला म्हणायचंय, कालच पाठवली, माझ्याकडून उशीर नाही. तो मात्र वाचू शकतो, ‘काल कुठे पाठवली!’ म्हणजे उशीर तुम्हीच कबूल केलात. त्याऐवजी ‘आय ऑलरेडी सेंट इट यस्टरडे’ लिहा. ‘इथेच’साठी ‘राइट हिअर’ म्हणा. ‘मीच फोन केला’साठी ‘इट वॉज मी हू कॉल्ड’.

जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘ओन्ली मीना कॉल्ड मी’ म्हणजे फक्त मीनाने फोन केला, बाकी कुणी नाही. ‘मीना ओन्ली कॉल्ड मी’ म्हणजे नुसता फोन केला, आली नाही. ‘मीना कॉल्ड ओन्ली मी’ म्हणजे फक्त मलाच केला. (मराठीत आपण ‘फक्त’ आणि ‘च’ दोन्ही लावून मोकळे होतो!) बोलताना इंग्रज मंडळीही ‘ओन्ली’ बहुतेक वेळा क्रियापदाआधी टाकतात आणि आवाजातल्या चढउतारावर भागवतात. लिहिताना आवाज नसतो, म्हणून ज्या शब्दाला ‘फक्त’ लावायचं त्याच्या अगदी आधी ‘ओन्ली’ ठेवा.

मुलांना ही गंमत जरूर सांगा. ‘ॲन ओन्ली चाइल्ड’ म्हणजे एकुलतं एक मूल. इथे ‘ओन्ली’ विशेषण आहे. ‘ओन्ली अ चाइल्ड’ म्हणजे ‘अहो, लहान आहे अजून!’ इथे ते क्रियाविशेषण झालं.

‘आय वुड कम, ओन्ली आय हॅव अ फीव्हर’ यात तर ते ‘पण’ या अर्थाचं उभयान्वयी अव्यय आहे: आलो असतो, पण ताप आहे. ‘इफ ओन्ली’ म्हणजे ‘असं झालं असतं तर!’

आणि कुणी जेवायला बोलावलं तर ‘ओन्ली टू हॅपी टू कम’ म्हणा. इथे ‘फक्त’ शोधू नका, अर्थ आहे ‘अगदी आनंदानं येतो’.