शिट्ट्या कुणासाठी?

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये हॉरर पिक्चर लागला की एक अलिखित नियम असतो. मरणाऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही! "आता हा गेला", "आता हिचा नंबर" असा नुसता हिशोब चालतो, आणि मारणाऱ्याने जरा स्टाईल मारली की शिट्ट्या. पिक्चर संपल्यावर मेलेल्यांची नावं विचारा. एकालाही धड सांगता येणार नाहीत.

म्हणून आज मला एका बँडविषयी लिहायचंय. बँडचं नाव 'बँजो अँड सलिव्हन'. हा बँड खरा नाही. रॉब झोंबी या मेटल गायक-दिग्दर्शकाच्या 'द डेव्हिल्स रिजेक्ट्स' (२००५) या पिक्चरमधला तो एक कंट्री बँड. काळ १९७८, जागा टेक्सास. रॉय सलिव्हन, त्याची बायको ग्लोरिया, अ‍ॅडम बँजो, त्याची बायको वेंडी आणि सामान वाहणारा जिमी. गावोगाव प्रोग्रॅम करत फिरणारी ही मंडळी एका हायवेवरच्या मोटेलमध्ये उतरतात आणि पोलिसांपासून पळणारे खुनी नेमके तिथेच येतात. पुढे जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाचातला एकही वाचत नाही.

आता खुन्यांच्या वाट्याला काय येतं बघा. त्यांची नावं ग्राउचो मार्क्सच्या जुन्या कॉमेडी पिक्चरमधल्या पात्रांवरून उचललेली. ओटिस काय, कॅप्टन स्पॉल्डिंग काय! सगळे चटपटीत डायलॉग त्यांनाच. आणि शेवटी उघड्या गाडीतून ते पोलिसांच्या गोळ्यांसमोर जातात तेव्हा मागे लिनर्ड स्किनर्डचं 'फ्री बर्ड' वाजतं, तेही स्लो मोशनमध्ये. जणू हुतात्मेच! गंमत म्हणजे कहाणीतला बँड मेला तरी त्याचं गाणं नाही, आणि त्याला मारणाऱ्यांना मात्र अख्खं गाणं.

काही जण म्हणतील, "अरे, पिक्चर आहे, एवढं सीरियसली काय घेतोस?" मान्य. शिवाय दिग्दर्शकाने मोटेलचा प्रसंग मजेशीर केलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो बघताना पोटात गोळा येतो, आणि बहुधा तो यावा अशीच त्याची इच्छा असावी. पण आपण काय करतो? तो भाग फॉरवर्ड करतो आणि शेवटची गाडी मात्र चार वेळा बघतो. म्हणजे अडचणीचं तेवढं कापून टाकलं आणि हिरो आपणच तयार केला.

याच बँडची एक गोष्ट मला फार आवडते. जेसी डेटन या टेक्सासच्या खऱ्या गायकाकडून बँजो अँड सलिव्हनच्या नावाने एक अख्खा अल्बम करून घेण्यात आला. त्यावर चक्क '१९७२ ते १९७८' असा काळ छापलाय, जणू खरोखरच्या जुन्या बँडची निवडक गाणी! गाणी बरीचशी चावट, दारू आणि बायकोच्या भांडणांची. थोर वगैरे काही नाही. पण ती ऐकली की कळतं, मोटेलच्या त्या खोलीत येण्याआधी या माणसांना सहा वर्षं होती. प्रवास होता, पाचकळ विनोद होते, टाळ्या होत्या. बळी पडलेला माणूस संत असावाच लागत नाही. तो माणूस असला तरी पुरे.

हे सगळं आपल्या हॉस्टेलच्या मासिकात कशाला, असं वाटत असेल. तर मित्रहो, बंद खोली, हुकूम सोडणारा एक जण, मान खाली घातलेला दुसरा आणि भोवती हसणारे बाकीचे, हे चित्र बघायला टेक्सासला जावं लागत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालचा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी कुठल्याही कॉलेजात जा, रॅगिंग घेणाऱ्या सीनियरचे किस्से बॅचमागून बॅच रंगवून सांगितले जातात. त्याला टोपणनाव असतं, त्याचे डायलॉग पाठ असतात. आणि ज्याने बॅग भरून घर गाठलं तो? "होता रे कोणीतरी, टिकला नाही." बस्स, एवढंच! कायदा मारणाऱ्याचा हात धरू शकतो, बघणाऱ्याची शिट्टी नाही. ती ज्याची त्यानेच थांबवायची.

तेव्हा पुढच्या वेळी असा किस्सा कुणी रंगात येऊन सांगायला लागला, की एकच करा. मध्येच विचारा, "त्या पोराचं नाव काय होतं रे? गाणं-बिणं म्हणायचा का?"

बघा मग, किती जणांना हसू येतं ते.